मागचा डावा स्पीकर

“दोन नग सारखेच खराब निघाले, की तिसरा उघडून बघत बसायचं नाही, सगळा लॉट बाजूला लावायचा,” असं नवनाथ खाडे एकदा म्हणाला होता. चाकणच्या कंपनीत नवीन लागलेल्या पोरांपुढे तो हे बोलला, आणि पोरांनी ते मुकाट्यानं ऐकलं. नवनाथनं लाल टॅग बांधलेला माल आजवर कुणी परत सोडवून नेला नव्हता. मॅनेजर येऊन बघायचे, हातात घेऊन उलटसुलट करायचे, आणि शेवटी म्हणायचे, खाडेंनी थांबवलंय म्हणजे काहीतरी असणार.

त्या कंपनीत गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट दाबून निघत. तरुणपणी नवनाथ पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरच उभा होता. बीडकडून आलेला, अंगात रग असलेला माणूस. प्रेस शॉपमध्ये आवाज ही ऐकायची गोष्ट नसते. ती तिथली हवा असते आणि माणसं तिच्यात उभी राहतात. बोलायचं ते बोटांनी, भुवयांनी, ओठांनी. कानात घालायला बोळे मिळत, पण बोळे घातले की मशीनचा सूर बिघडला तरी कळत नाही, म्हणून जुने लोक ते खिशात ठेवत आणि साहेब दिसला की घालत. पुढे केस पिकू लागल्यावर नवनाथला इन्स्पेक्शनचं टेबल मिळालं. काचेच्या भिंतीमागे, ट्यूबलाइटखाली, हातात माप तपासायचं गेज घेऊन. तिथं आल्यावर पहिल्यांदा त्याला शांतता काय असते ते कळलं, आणि ती त्याला फारशी आवडली नाही.

त्याचा भाचा पिंटू. बहिणीचा मुलगा, दहावीनंतर मामाकडेच राहायला आलेला, मोशीच्या फ्लॅटमध्ये मामीच्या हातचं जेवून मोठा झालेला. पिंटूनं बरीच वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात टीव्ही बसवले, वायरी ओढल्या, आणि यंदा सांगवीत स्वतःचा गाळा घेतला. टीव्ही, स्पीकर, होम थिएटर. उद्घाटनाच्या दिवशी नारळ फुटल्यावर तो नवनाथच्या पाया पडला आणि म्हणाला, “मामा, भवानी तुमच्या हातची पाहिजे.”

मामाच्या हातून पहिली विक्री झाली तर दुकान चालतं, असं त्यांच्याकडे मानतात. नवनाथला वाटलं होतं एखादी एक्स्टेन्शन वायर घेऊ. पण पिंटूनं आतल्या खोलीत सगळ्यांना बसवून डेमो लावला. खोलीत अंधार, चारी बाजूंना स्पीकर, आणि मधोमध रिसीव्हर नावाचा काळा जड डबा, ज्याच्या पोटातून सगळ्या स्पीकरना वायरी गेल्या होत्या. पडद्यावर हेलिकॉप्टर आलं. ते पडद्यातून बाहेर पडलं आणि लोकांच्या डोक्यावरून मागं गेलं. सगळ्यांच्या माना एकदम डावीकडून मागं वळल्या. नवनाथचीही वळली. बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, “बाप रे, अंगावरच आलं की!” नवनाथही म्हणाला, “अंगावरच आलं.”

आणि त्यानं तोच संच घेतला. रिसीव्हर, पाच स्पीकर आणि जमीन हलवणारा तो एक मोठा खोका. एवढंच नव्हे, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चार लोकांना सांगितलं, भाच्याचं दुकान आहे, डोळे झाकून घ्या, मी जबाबदार. त्यातल्या काहींनी घेतलाही.

पिंटूनं मोशीला येऊन संच बसवला. नवनाथची खुर्ची भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणली. तिच्यावर एक छोटा माइक ठेवला आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. रिसीव्हरनं एकेका स्पीकरमधून शिट्ट्या मारल्या, त्या माइकनं स्वतःच ऐकल्या, आणि टीव्हीवर अक्षरं आली की सगळं ठीक आहे.

“म्हणजे स्वतःच स्वतःला ओके देतंय व्हय?” नवनाथ म्हणाला. “आमच्याकडं असं चालत नसतं. ज्यानं माल काढला त्यानंच पास करायचा नसतो.”

“मामा, ते मशीन आहे, लाच नाही खात,” पिंटू हसला.

तो गेल्यावर नवनाथ खुर्चीत बसला आणि त्यानं हेलिकॉप्टर लावलं. ते आलं, उजव्या कानाजवळून गेलं, मागं गेलं, आणि तिथं कुठंतरी नाहीसं झालं. डावीकडून परत यायला हवं होतं, आलं नाही. म्हणजे आवाज होता, पण त्याला जागा नव्हती. भिंतीत जिरल्यासारखा, शेजाऱ्याच्या घरात वाजत असल्यासारखा. त्यानं पुन्हा लावलं. उठून मागच्या डाव्या स्पीकरला कान लावला तर तो खणखणीत वाजत होता. खुर्चीत येऊन बसला की पुन्हा गायब.

“तुला येतो का गं मागनं आवाज?” त्यानं बायकोला, स्वरूपाला विचारलं. ती भाजी निवडत बसली होती.

“येतो की. सगळीकडनंच येतोय. डोकं उठलंय माझं.”

हे काही नीट उत्तर नव्हतं. नवनाथनं कंपनीत करतात तेच केलं. डावा स्पीकर काढून उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. दोष स्पीकरबरोबर सरकला तर स्पीकर खराब, जागेवर राहिला तर मशीन. दोष जागेवर राहिला. मग त्यानं वायरी बदलल्या. दोष जागेवर राहिला. मग शंका नव्हती. रिसीव्हरचा डावा मागचा चॅनल कमी जोर देत होता.

पिंटूनं कुरकुर न करता डबा बदलून दिला. दुसऱ्या डब्यातही तेच.

इथून नवनाथचा गोंधळ सुरू झाला. रिसीव्हर म्हणत होता, ठीक आहे. पिंटू म्हणत होता, ठीक आहे. नवनाथची मुलगी प्राजक्ता कॉलेजातून आली की खुर्चीत दोन मिनिटं बसून म्हणायची, “मस्त येतंय, बाबा.” मग त्यानं प्राजक्ताला सांगितलं, नेटवर ज्यांनी हा घेतलाय ते काय म्हणतात ते वाच.

तिनं वाचायला सुरुवात केली. एकानं लिहिलं होतं, आवाज इतका खरा की कुत्रा पलंगाखाली गेला. दुसऱ्यानं लिहिलं होतं, आवाजात दम नाही, पैसे पाण्यात. एक म्हणत होता गरम होतो, एक म्हणत होता अजिबात गरम होत नाही. एकानं एकच तारा दिला होता, कारण डबा आणून देणारा उशिरा आला. एकानं पाच तारे दिले होते आणि खाली लिहिलं होतं, अजून खोलला नाही.

“न उघडता पास?” नवनाथ म्हणाला.

“लोक असंच करतात, बाबा.”

“ह्यात डाव्या बाजूचं कुणी लिहिलंय का?”

तिनं बराच वेळ बोटानं वर-खाली केलं. “नाही.”

नवनाथ विचारात पडला. इतकी माणसं, आणि प्रत्येकाच्या घरात तोच डबा वेगळा. कंपनीत एका डायमधून निघालेले हजार ब्रॅकेट एकमेकांच्या सावल्या असतात. इथे मात्र एकाच साच्यातून निघालेली वस्तू घरोघर जाऊन वेगळी झाली होती. ह्याला काय म्हणायचं, वस्तूत दोष की घरात, हे त्याला सांगता येईना. गेज लागेल अशी जागाच सापडत नव्हती.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी तो देहूरोडला रोहिदासकडे गेला. रोहिदास त्याचा प्रेसवरचा जुना जोडीदार. दोघं शेजारशेजारच्या मशीनवर एकत्र राबलेले. आता रोहिदास घरीच असे, आणि नवनाथच्या शब्दावर त्यानंही हाच संच घेतला होता. देवांच्या फोटोंच्या रांगेखाली रिसीव्हर ठेवला होता आणि त्यावर सुनेनं विणलेला रुमाल टाकला होता.

“काढ तो रुमाल, गुदमरंल ते,” नवनाथ म्हणाला.

“आमच्यात वस्तू उघडी ठेवत न्हाईत,” रोहिदास म्हणाला, आणि रुमाल काढला.

दोघं मधोमध खुर्च्या टाकून बसले. हेलिकॉप्टर आलं. उजवीकडून गेलं. नवनाथनं रोहिदासकडे पाहिलं. रोहिदासनं नवनाथकडे. बोलायची गरज पडली नाही. रोहिदासनं डावा हात उचलला आणि मनगटातून ढिला सोडला. मशीनचा मार, म्हणजे दाबाचा ठोका, कमी पडला की प्रेसवरचे लोक असंच करत.

“तुलाबी?” नवनाथ म्हणाला.

“पयल्या दिसापासनं. मी म्हणलं आपल्याला काय कळतंय त्यातलं. सून म्हणती, मामंजी, चांगलं हाय.”

“सुनेला काय कळतंय!” नवनाथला इतका आनंद झाला की त्यानं रोहिदासच्या मांडीवर थाप मारली. किती दिवसांनी कुणीतरी त्याच्या मोजमापात बसलं होतं. दोघांनी चहा घेतला आणि जुन्या गोष्टी काढल्या. लाइनीच्या टोकाला होती ती चारशे टनी प्रेस, तिचा मार बसला की पोटातली आतडी हलायची. ती दोघांच्याही डाव्या हाताला होती. रोहिदास म्हणाला, तिच्याकडं तोंड करून उभं राहायची कुणाची छाती नव्हती, सगळे तिच्याकडं डावा खांदा करूनच उभे असायचे. दोघंही हसले. त्या मोठ्या प्रेसबद्दल त्यांना अजूनही एक तऱ्हेचा आदर होता.

घरी येताना नवनाथचं मन हलकं होतं. स्वतःकडचे दोन नग, रोहिदासचा तिसरा. आता उघडून बघत बसण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

“लिही,” तो प्राजक्ताला म्हणाला.

“काय?”

“माझं मत. नाव माझं टाक. लिही की मी स्वतः तीन नग तपासले. तिन्हीत मागचा डावा चॅनल कमजोर. स्पीकर बदलून, वायर बदलून खात्री केली. सगळा लॉट थांबवावा. दुकानाचं नाव टाक, म्हणजे लोकांना कळंल कुठला लॉट.”

प्राजक्ता फोन हातात धरून तशीच बसली. “बाबा, पिंटूदादाचं दुकान आहे ते.”

“म्हणून तर. उद्या बाहेरचा माणूस बोलला तर? आपला माल आपणच धरायचा असतो. त्यात त्याची इज्जत आहे.”

“पण मला तर ऐकू…” ती थांबली. तिनं आईकडे पाहिलं. स्वरूपा दारात उभी होती, पदराला हात पुसत. तिनं काही खूण केली नाही.

“लिही,” नवनाथ म्हणाला. प्राजक्तानं लिहिलं. एक तारा.

तो एक तारा पिंटूच्या दुकानावर पालीसारखा चिकटला. गिऱ्हाईक यायचं, डेमो ऐकायचं, खूश व्हायचं, आणि मग फोन काढून म्हणायचं, अहो, पण ह्या खाडे नावाच्या माणसानं सगळं सांगोपांग लिहिलंय. तीन नग तपासलेत म्हणे. बाकीच्यांचं मत कुणी वाचत नसे. ती नुसती ओरड होती, हे इन्स्पेक्शन होतं. ज्यांनी आधी घेतला होता तेसुद्धा आता घरी बसून डावीकडे कान देऊ लागले, आणि कान दिला की काय, काहीतरी कमी असल्यासारखं वाटतंच. कॅन्टीनमधून घेतलेल्यांपैकी एकानं संच परत आणून गाळ्याच्या पायरीवर ठेवला.

पिंटू पुढच्या रविवारी सकाळीच मोशीला आला. बसला नाही.

“मामा, चला माझ्याबरोबर.”

“कुठं?”

“वाकडला. माझा एक गिऱ्हाईक आहे. त्याच्याकडं तोच डबा आहे, त्याच लॉटमधला. तुम्ही तिथं ऐका. तिथंही डावा कमी वाटला तर मी सगळा माल कंपनीला परत लावतो. नाही वाटला तर तुम्ही लिहिलेलं काढा. माझं दुकान बसत चाललंय, मामा.”

“मी काय दुष्टाव्यानं लिहिलंय का?”

“मी तसं म्हणलो का? तुम्ही लिहिलंय म्हणूनच तर लोक वाचतात. परक्यानं लिहिलं असतं तर मी विसरलो असतो.”

नवनाथ तयार झाला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. रिजेक्ट मालाची फेरतपासणी मागायचा हक्क सप्लायरला असतोच.

वाकडला लिफ्टनं वर गेले. नागसेन नावाचा तरुण होता, आयटीत कामाला. घरात त्याची आई अंबुबाई आणि तो. खिडकीच्या काचेतून उंच इमारतींच्या रांगा दिसत होत्या. रविवारच्या कोवळ्या उन्हात त्या अजून न वापरलेल्या वाटत होत्या. नागसेननं पाच तारे दिले होते आणि लांबलचक मत लिहिलं होतं. नवनाथनं ते प्राजक्ताकडून वाचून घेतलं होतं. त्यात एक वाक्य असं होतं की पावसाच्या प्रसंगात आपण खोलीत असूनही अंग आक्रसून घेतो. नवनाथला ते लबाडीचं वाटलं होतं. आता तो माणूस समोर होता आणि लबाड दिसत नव्हता.

सोफ्यावर, बरोबर मधोमध, अंबुबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या. ती त्यांची जागा होती आणि त्या ती सोडणार नव्हत्या.

“आई, जरा सरक ना, काकांना ऐकायचंय.”

“त्यांना खुर्ची दे. मालिका लागायचीय माझी.” मग नवनाथकडे वळून, “तुम्हीच का ते खराब म्हणणारे? अहो, परवा मालिकेत मागून सासू बोलली तर मी दचकून वळून बघितलं. आमच्या घरात तर सासू वारून किती वर्षं झाली!”

पिंटू हसला. नवनाथला हसू आलं नाही. नागसेननं खुर्ची आणली. जागा नव्हती, म्हणून ती सोफ्याच्या समोर, टीव्हीकडे पाठ करून टाकली. नवनाथ बसला. म्हणाला, असू दे, मला चित्र काय बघायचंय, मला आवाज बघायचाय.

नागसेननं तपासणीचा आवाज लावला. पावसासारखा सरसर आवाज, एकेका स्पीकरमधून फिरत जाणारा. आधी टीव्हीजवळचे वाजले. मग नागसेन म्हणाला, “आता मागचा डावा.”

तो स्पीकर सोफ्यामागच्या भिंतीवर होता, नवनाथच्या समोर, उजव्या बाजूला. त्यातून पाऊस पडला. स्वच्छ, एकेक थेंब वेगळा. नवनाथच्या अंगावर काटा आला.

“येतोय ना, मामा?” पिंटू पुढे झुकला.

“येतोय.”

“बघा! डावा येतोय!” पिंटू उभाच राहिला.

“आता मागचा उजवा,” नागसेन म्हणाला.

पाऊस भिंतीत गेला. नवनाथ त्या दुसऱ्या स्पीकरकडे बघत राहिला. त्याच्या जाळीकडे. अंबुबाई त्या बाजूला मान वळवून ऐकत होत्या. नागसेननंही तिकडेच बोट केलं होतं. नवनाथला वाटलं की कुणीतरी खोलीचा तो कोपरा कापून नेलाय.

“हा बंद आहे,” तो म्हणाला.

“कुठला?”

“उजवा. तुमच्याकडं उजवा खराब आहे.”

नागसेन हळूच म्हणाला, “काका, वाजतोय तो.”

“वाजत असंल. येत नाही.”

“आत्ता वाजतोय. आत्ता, ह्या क्षणी.”

नवनाथ उठला. खुर्ची उचलून फिरवली, टीव्हीकडे तोंड करून बसला. नागसेननं न विचारता पुन्हा तोच आवाज लावला. आता उजवा आला, डावा गेला. तो पुन्हा उठला आणि खुर्ची उलटी केली. डावा आला, उजवा गेला. मग तो बसलाच नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. दोष ना स्पीकरबरोबर सरकत होता, ना जागेवर राहत होता. तो खुर्चीबरोबर फिरत होता. असला दोष त्यानं आजवर पाहिला नव्हता. आणि जी गोष्ट सगळीकडे सारखी होती, मोशीत, देहूरोडला आणि इथं, ती त्याला दिसत होती आणि दिसत नव्हतीही. चष्मा डोळ्यावर असताना माणूस चष्मा शोधतो तसं त्याचं झालं.

“चहा घ्या हो,” अंबुबाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या घरात येऊन खुर्ची काय फिरवताय लहान पोरासारखी.”

परतताना पिंटू मोटारसायकल चालवत होता आणि नवनाथ मागे बसला होता. पिंटू वाटेत काहीतरी बोलत होता, मान अर्धवट वळवून. वारा होता, ट्रक होते. नवनाथ “हं, हं” म्हणत होता. नाशिक फाट्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण काहीच ऐकलेलं नाही, नुसतं पिंटूच्या गालाकडे बघून हं म्हणत आलो.

घरी स्वरूपानं ताटं घेतली होती. कुणी जेवायला बसलं नाही. पिंटूनं मामीला सगळं सांगितलं, खुर्चीचंसुद्धा. सांगून झाल्यावर तो खाली बघत राहिला. त्याला जे कळलं होतं ते त्याला बोलायचं नव्हतं.

नवनाथ स्वरूपाला म्हणाला, “मला एक सांग. मला डावीकडनं कमी येतं का?”

स्वरूपाला प्रश्नच कळला नाही. “म्हणजे?”

“म्हणजे डावीकडनं.”

“अहो, हे काय विचारताय,” ती म्हणाली. “तुम्हाला ठाऊक नाही का?”

“मला कसं ठाऊक असंल?”

“तुमचाच कान आहे की! मी किती वर्षं झाली, तुमच्याशी बोलायचं म्हटलं की उजवीकडं येते. झोपतेसुद्धा त्या बाजूला. पोरीला लहानपणी सांगितलं, बाबांना हाक मारायची तर समोर जाऊन मारायची.” तिचा आवाज चढला, रागानं नव्हे, घाबरल्यासारखा. “मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला बोलायचं नसेल म्हणून बोलत नसाल. पुरुषांचं असतं तसं.”

“प्राजक्ता?”

“मलाही तसंच वाटलं, बाबा. त्या दिवशी लिहिताना मी म्हणणार होते. पण तुम्ही इतकं ठामपणे सांगत होतात की मला वाटलं, खरंच डबाच खराब असेल. नंतर मलाही तो कमी ऐकू यायला लागला.”

नवनाथ खुर्चीत बसला. “असं कसं,” तो म्हणाला. “दर वर्षी कंपनीत मेडिकल होतं. गाडी येते. कानाचं बघतात. हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. माझं दर वर्षी ओके येतं. कागद आहेत.”

“मग डॉक्टरलाच विचारू एकदा,” पिंटू म्हणाला.

“डॉक्टर कसला, पोरगा असतो एक. काचेपलीकडं बसतो. त्याच्यासमोर मशीन असतं. तो खटका दाबतो, त्याचा खांदा असा जरासा हलतो, की मी लगेच…”

तो थांबला. उजव्या हाताचा अंगठा त्यानं हवेत बटणावर ठेवल्यासारखा धरला होता. तो त्यानं तसाच धरून ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

कुणी काही बोललं नाही. किंवा बोललं असेल. नवनाथला आता ते सांगता येईना. त्याला आठवू लागलं आणि जे आठवत होतं त्यातलं काय ऐकलेलं आणि काय नुसतं पाहिलेलं, हे वेगळं करता येईना. पोरीनं पहिल्यांदा बाबा म्हटलं ते. आई गेली तेव्हा बहिणीनं फोडलेला हंबरडा. पिंटूच्या दुकानातलं ते हेलिकॉप्टर, जेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या आणि त्याचीही वळली. इन्स्पेक्शनच्या टेबलावर काचेमागं त्याला पहिल्यांदा भेटलेली ती शांतता तरी शांतता होती का? आणि रोहिदास. रोहिदासला आता काय सांगायचं? ती मोठी प्रेस दोघांच्याही एकाच बाजूला होती.

“मामा,” पिंटू म्हणाला. तो उजव्या बाजूला येऊन गुडघ्यावर बसला होता. “ते राहू द्या आता. लिहिलेलं. काही नाही होत त्यानं. गिऱ्हाईकं विसरतात.”

“असं कसं राहू द्या,” स्वरूपा म्हणाली. “तुझं दुकान आहे. प्राजक्ता, काढ गं ते.”

“बाबा, काढू?” प्राजक्ता फोन घेऊन समोर आली. “की बदलून लिहू?”

“बदलून काय लिहिणार?” पिंटू म्हणाला.

“काहीतरी लिहू. गैरसमज झाला म्हणून.”

“गैरसमज म्हणलं की लोकांना वाटंल दुकानदारानं दबाव आणला.”

“मग नुसतं काढ.”

“काढलं तरी तसंच वाटंल. मामांचं नाव आहे खाली. कंपनीतले विचारतील.”

“मग काय खरं ते लिहायचं का?” स्वरूपा म्हणाली, आणि म्हटल्यावर तिनंच तोंडावर हात ठेवला.

खरं लिहायचं तर ते चाकणला टेबलापर्यंत पोचणार होतं. माणसं वाचतील, मग मेडिकलच्या गाडीत पुन्हा बसवतील, ह्या वेळी पोरगा पाठ करून बसेल. आणि न लिहावं तर पिंटूच्या पायरीवर अजून डबे येऊन बसतील. तिघं एकदम बोलू लागले, एकमेकांना अडवत, आणि मग तिघंही एकदम त्याच्याकडे बघू लागले. नवनाथला त्यांचे ओठ दिसत होते. तिघांचे ओठ वेगवेगळं सांगत होते आणि तिघांचंही बरोबर होतं.

त्यानं हात पुढे केला. प्राजक्तानं फोन दिला. पडद्यावर त्याचं नाव होतं, त्याखाली एक पिवळा तारा, आणि त्याखाली त्याची वाक्यं, एकेक तपासून घेतल्यासारखी. त्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वाचताना ती त्याला कुणाचीही असू शकतील अशी वाटली. त्यानं फोन पिंटूच्या तळहातावर ठेवला, पिंटूची बोटं एकेक करून त्यावर मिटवली, मग तो उठला, दारापाशी त्यानं चपला पायात सरकवल्या आणि तो रोहिदासकडे जायला बाहेर पडला.